अबू बक्र अल्-राझी यांचा चेहरा भिंतीवर रंगवायचा आहे. आधार कशाचा घ्यावा?

कलाशिक्षक (तालुका दारव्हा) यांचा प्रश्न:

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यातील भिंतीवर वैद्यक आणि गणिताच्या इतिहासातील काही व्यक्तींची चित्रे काढण्याचे ठरले आहे. त्यांतील एक चित्र, देवी आणि गोवर या रोगांतला फरक स्वतंत्र ग्रंथात मांडणारे इराणमधील रय शहरचे वैद्य अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल्-राझी (इ. स. ८६५ ते ९२५) यांचे आहे. सुश्रुतांचा चेहरा कल्पनेतलाच असणार हे गावात सर्वांना मान्य आहे. राझींच्या बाबतीत मात्र इंटरनेटवर इतकी चित्रे मिळतात आणि ती एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की त्यांतले एक उचलून रंगवणे मला योग्य वाटत नाही. एकात हिरवा फेटा आणि छातीपर्यंत पांढरी दाढी आहे, एकात तरुण, गोरापान माणूस काचेची नळी उजेडात धरून पाहत आहे, तर एका जुन्या चित्रात ते चक्क युरोपीय वैद्यासारखे दिसतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्यांनी "यातला खरा कोणता?" असे सरळ विचारले आहे.

त्यांच्या काळात काढलेले एखादे चित्र अस्तित्वात आहे काय? नसल्यास प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने केलेले वर्णन कुठे मिळते काय? आणि कवटीवरून चेहरा घडवण्याची जी पद्धत आहे, ती यांच्याबाबत कोणी वापरली आहे काय? भिंतीचा पट्टा रुंद आहे, त्यामुळे नुसत्या चेहऱ्याऐवजी एखादा प्रसंगही रंगवता येईल.

निवृत्त फारसी-उर्दू शिक्षक (अचलपूर) यांचे उत्तर:

गुरुजी, समकालीन चित्र नाही. आपण पाहिलेले युरोपीय वेशातले चित्र बहुधा इटलीतील क्रेमोना शहरच्या जेरार्ड यांनी अरबी वैद्यकग्रंथांच्या केलेल्या लॅटिन भाषांतरांच्या हस्तलिखितातले, तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे असावे. त्यात राझींच्या हाती रुग्णाच्या मूत्राची कुपी दाखवली आहे. त्या चित्रकाराने आपल्या गावचा वैद्य काढला आणि खाली नाव राझींचे घातले, एवढाच त्याचा अर्थ. व्हिएन्नातील संयुक्त राष्ट्रांच्या आवारात इराणने २००९ मध्ये भेट दिलेल्या मंडपात राझींचा पुतळा आहे. त्याची छायाचित्रेही आपल्याला दिसली असतील, पण तोही आधुनिक शिल्पकाराच्या कल्पनेतलाच आहे. भलताच चेहरा रूढ होणे आपल्यालाही नवे नाही. वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र पुढे आणेपर्यंत शिवाजी महाराजांचे म्हणून दुसऱ्याच माणसाचे चित्र छापले जात होते.

लिखित वर्णनाच्या बाबतीत मात्र आपले नशीब चांगले आहे. बगदादच्या इब्न अल्-नदीम यांनी ९८७ च्या सुमारास ग्रंथ आणि ग्रंथकारांची जी मोठी सूची तयार केली, तीत रय शहरातल्या एका वृद्धाची आठवण नोंदली आहे. ती त्यांना मधल्या एका माणसाकडून मिळाली, म्हणजे ती ऐकीवच. तरी राझींच्या मृत्यूनंतर साठ-पासष्ट वर्षांच्या आतली आहे. त्या वृद्धाच्या सांगण्यानुसार राझी मोठ्या, टोपलीच्या घडणीच्या डोक्याचे वयस्क गृहस्थ होते. ते बसत तेव्हा त्यांच्यासमोर शिष्य, शिष्यांच्या पुढे त्यांचे शिष्य आणि त्यांच्याही पुढे आणखी शिष्य बसत. आलेला रुग्ण आपला विकार प्रथम बाहेरच्या ओळीला सांगे. त्यांना उमगले नाही तर तो आतल्या ओळीकडे जाई, आणि कोणालाच उत्तर सापडले नाही तर राझी स्वतः बोलत. आपल्या रुंद पट्ट्यासाठी याहून चांगला प्रसंग मला सुचत नाही.

त्याच नोंदीत त्यांचे डोळे बाकला (एक प्रकारच्या शेंगांतले दाणे) फार खाल्ल्याने सदा पाणावलेले असत आणि शेवटी त्यांची दृष्टी गेली, असेही म्हटले आहे. बाकल्याचे कारण आपण सोडून देऊ. पाणावलेले डोळे मात्र चित्रकाराने सोडू नयेत. स्वतः राझी आपल्या आचरणाचे समर्थन करताना लिहितात की त्यांनी एकाच वर्षात ताविजावर लिहितात तशा बारीक अक्षरांत वीस हजारांहून अधिक पाने लिहिली आणि एका मोठ्या ग्रंथावर पंधरा वर्षे रात्रंदिवस खपल्यामुळे दृष्टी मंदावली, हाताचे स्नायू निकामी झाले, म्हणून आता दुसऱ्यांकडून वाचून आणि लिहून घ्यावे लागते. खुद्द माणसाने स्वतःच्या शरीराविषयी दिलेल्या या साक्षीपुढे बाकी सर्व वर्णने दुय्यम आहेत. विद्वान अल्-बिरूनींनी पुढे, सुमारे १०३६ मध्ये, राझींच्या ग्रंथांची यादी केली. तीत ते लिहितात की राझी दिवा समोरच्या देवळीत ठेवत आणि पुस्तक भिंतीला टेकवून वाचत, म्हणजे डुलकी लागताच ते हातातून पडून जाग यावी.

शरीररचनाशास्त्र शिकवलेले (वरुड) यांचे उत्तर:

कवटीचा मार्ग येथे बंद आहे. राझींची कवटी कोणाच्या हाती लागलेली नाही आणि त्यांचे रय शहर १२२० मध्ये मंगोलांनी उद्ध्वस्त केले. त्या प्रदेशातील काही व्यक्तींच्या बाबतीत हे काम झाले आहे. सोव्हिएत मानवशास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह यांनी १९४१ मध्ये समरकंदला तैमूर आणि त्याचा खगोलशास्त्रज्ञ नातू उलूग बेग यांच्या कबरी उघडल्यानंतर, आणि १९५६ मध्ये ताजिकिस्तानातील पंजरूद गावी कवी रुदकी यांची कबर उघडल्यानंतर, कवट्यांवरून चेहरे घडवले. कवटीवरच्या ठरावीक बिंदूंपाशी त्वचा, चरबी आणि स्नायू यांची सरासरी जाडी किती असते हे आधी मोजलेले असते आणि त्या मापाने थर चढवले जातात. यातून कपाळ, गालाची हाडे, जबडा आणि नाकाचा वरचा भाग बराच विश्वासार्ह मिळतो. ओठांची जाडी, कानाची पाळी, भुवया, त्वचेचा आणि केसांचा रंग हाड सांगत नाही. म्हणून रुदकींच्या पुतळ्यावरून "त्या काळचा इराणी चेहरा" असा साचा काढून तो राझींना लावणे मला मान्य नाही. दोन माणसे एका भाषेची असली म्हणून त्यांचे जबडे सारखे होत नाहीत.

डोक्याच्या वर्णनाविषयी अचलपूरच्या सरांना एक शंका विचारतो. विद्वान माणूस सभेत फेटा बांधूनच बसत असणार, मग डोक्याची घडण त्या वृद्धाला दिसली कशी? तरीही वर्णन स्वीकारायचे ठरवले तर विकार वाटेल इतके डोके मोठे काढू नये. प्रौढ माणसाच्या डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते. ती किंचित खाली घेतली आणि कानांच्या वरचा भाग रुंद ठेवला की तेवढे पुरेसे आहे. डोळ्यांच्या कडा लालसर, पापण्या जड आणि नजर जवळ आणलेल्या कागदावर आवळलेली असावी. सभेचा प्रसंग दृष्टी शाबूत असतानाचा असल्याने बुबुळात मोतीबिंदूचा पांढुरका डाग नको. आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांना ऐंशी वर्षांचे करू नका. ते साठीच्या आसपास वारले, तेव्हा भरल्या सभेतले राझी पन्नाशीचे, मिश्र केसांचे असणे जास्त संभवते.

निवृत्त फारसी-उर्दू शिक्षक (अचलपूर) यांचे उत्तर:

डॉक्टरसाहेब, शंका रास्त आहे. सांगणारा त्याच शहरातला होता, तेव्हा त्याने त्यांना घरगुती वेशातही पाहिले असू शकेल. याहून जास्त मी त्या वाक्यातून काढणार नाही. ओघात आठवले म्हणून सांगतो, बाराव्या शतकातले फारसी लेखक निझामी अरूझी यांच्या गोष्टीत गझनीचा महमूद प्रसिद्ध वैद्य इब्न सीनांना पकडण्यासाठी गणितज्ञ अबू नस्र यांच्याकडून त्यांचे चित्र काढवून घेतो आणि चित्रकारांकडून त्याच्या चाळीस नकला करवतो. गोष्ट शंभरहून अधिक वर्षांनंतर लिहिलेली आहे आणि त्या चाळिसांतली एकही नक्कल आज नाही, पण ओळख पटण्याजोगे चित्र काढता येते ही समजूत त्या समाजात होती, एवढे तीवरून म्हणता येते.

कलाशिक्षक (तालुका दारव्हा):

मनःपूर्वक आभार. शिष्यांच्या ओळींचा प्रसंगच रंगवतो. आता वेश आणि आसपासच्या वस्तूंचे कोणी सांगेल काय? हिरवा फेटा ठेवावा की नाही?

हातमाग आणि जुनी वस्त्रे (कारंजा) यांचे उत्तर:

हिरव्या रंगाला राझींपुरता काही आधार नाही. पांढरा किंवा मळखाऊ फेटा, आत टोपी आणि तिच्यावर गुंडाळलेले कापड, असे ठेवावे. विद्वान मंडळी डोक्यावरून खांद्यांवर येणारी शाल घेत, तीही शोभेल. अंगात घोट्यांपर्यंत सैल, रुंद बाह्यांचा अंगरखा असावा आणि तो बिनधास्त सुती दाखवावा, कारण नवव्या-दहाव्या शतकात इराणच्या पठारावर कापसाचे पीक जोमात होते आणि रय शहर कापडासाठी नावाजलेले होते. आपल्या मुलांना हा धागा लगेच ओळखू येईल. दंडावर अक्षरे विणलेली पट्टी तेव्हा प्रतिष्ठेची मानली जाई. इराणमधील निशापूरच्या उत्खननात मिळालेल्या ससाणा घेतलेल्या घोडेस्वाराच्या भित्तिचित्रात बाहीवर ती दिसते. रयचे शासक अमीर मन्सूर इब्न इसहाक यांना ग्रंथ अर्पण करणाऱ्या वैद्याला ती साजेल, पण बारीक ठेवावी.

रयच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रंगीत भांड्यांवरचे गोल, चंद्रासारखे, बारीक डोळ्यांचे चेहरे नमुना म्हणून घेऊ नयेत. ती भांडी राझींनंतर सुमारे अडीच शतकांनी घडली आणि ते चेहरे सौंदर्याचा ठरलेला साचा आहेत. वस्तूंमध्ये बोरू, दौत, बांधीव पुस्तक आणि सुटे कागद चालतील, कारण कागद तेव्हा तिकडे रुळलेला होता. काचेचे नळीचे भांडे हवेच असेल तर अर्क काढण्याचे पात्र मागे फळीवर ठेवावे, कारण अशा उपकरणांची वर्णने राझींच्या रसायनावरील ग्रंथात आहेत. चष्मा मात्र देऊ नये, तो इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आला. राझींच्या बाजूला लिहून घेणारा एक शिष्य बसवा आणि त्यांचे स्वतःचे हात मांडीवर मोकळे ठेवा. चित्राखाली "चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला, डोक्याची घडण, डोळे आणि बैठक जुन्या नोंदींनुसार" अशी ओळ ठळक अक्षरांत घातली की समितीच्या सदस्यांना भिंतीवरच उत्तर मिळेल. त्या ओळीसाठी खाली चार बोटे जागा आधीच सोडून ठेवा, नाहीतर पुढच्या रंगरंगोटीत ती पहिल्यांदा पुसली जाते.