मदत हवी आहे: टेरेझिनच्या मुलांबद्दल कसं सांगू?
नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांशी युद्धकाळातल्या आशेबद्दल बोलायचंय. टेरेझिनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) नाझी छावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार ज्यू मुलांना चित्रकला शिकवायची, मिळेल त्या कागदावर. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. मुलांची सुमारे ४,५०० चित्रं मात्र दोन सुटकेसमध्ये मागे राहिली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

पण ती काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. इथेच माझं अडतं. ‘सकारात्मक राहा, सगळं ठीक होतं’ हे सरळ खोटं वाटतं (आणि मुलं ते लगेच ओळखतात). शेवट न लपवता, पण मुलांना नुसतं सुन्न करून न सोडता हे कसं मांडायचं? कुणी वर्गात असा विषय घेतला असेल तर सुरुवात कुठून केलीत, मुलांनी काय विचारलं, सांगाल का?