‘टार्गेटेड थेरपी’ला मराठीत काय म्हणावं? आणि त्यातलं लक्ष्य कोणतं?

विचारणा:
कर्करोगावर काम करणाऱ्या एका संशोधिकेच्या कामाची ओळख मराठीत लिहायला घेतली आहे. गाठ कशी वाढते आणि ती वाढ नेमक्या ठिकाणी अडवणारी औषधं कशी शोधतात, हा तिचा विषय. ‘ट्यूमर’ला गाठ म्हणू की अर्बुद? ‘टार्गेटेड थेरपी’साठी लक्ष्यित, लक्ष्यवेधी, लक्ष्यकेंद्री असे शब्द वाचले. कोणता घ्यावा?

प्रतिसाद:
गाठच लिहा. अर्बुद जुना शब्द आहे, सुश्रुतसंहितेत येतो. आधीच्या अर्बुदाच्या जागी पुन्हा उठलेल्याला तिथे अध्यर्बुद असं वेगळं नावही आहे. पण आज घरात कोणी अर्बुद म्हणत नाही. फक्त गाठ साधी की कॅन्सरची, ते दरवेळी स्पष्ट करा, कारण चरबीची गाठही गाठच. शिवाय रक्ताच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा गाठ नसतेच.

प्रतिसाद:
हे शेवटचं वाक्य तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी जातं. ‘लक्ष्यवेधी’ ऐकलं की बहुतेकांना वाटतं, औषध शरीरात शिरून थेट गाठीवर जाऊन बसतं. तसं होत नाही. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. जागेवर नेम धरायचा तर तो रेडिएशनमध्ये धरतात. इथे लक्ष्य असतं ते एखादं प्रथिन.

इमॅटिनिब या औषधाचंच बघा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक आखूड गुणसूत्र दिसतं, हे १९६० साली फिलाडेल्फियात लक्षात आलं. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तसं होतं, हे अमेरिकी संशोधिका जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या अदलाबदलीत दोन जनुकं जोडली जातात आणि त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. पेशीला ‘विभाजित हो’ असा इशारा देणारं हे प्रथिन कधी बंदच होत नाही. इमॅटिनिब त्याच्या खाचेत जाऊन बसतं आणि इशारा थांबतो. अमेरिकेत २००१ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. लक्ष्यवेधी उपचारांचं सर्वांत गाजलेलं उदाहरण हे, आणि त्यात नेम धरायला गाठच नाही!

म्हणून शब्द ‘लक्ष्यवेधी उपचार’ ठेवा, मराठीत तो सहज बसतो. पण पहिल्यांदा वापराल तिथेच ‘अमुक प्रथिनावर’ हे जोडा. आणि ‘फक्त कॅन्सरच्याच पेशी मारणारं औषध’ असं कृपया लिहू नका. ट्रास्टुझुमॅब हे हर-टू प्रथिनावर बसतं. स्तनाच्या काही कॅन्सरांमध्ये ते प्रथिन फार जास्त असतं, पण हृदयाच्या स्नायूंनाही त्याची गरज असते. त्यामुळे हे औषध चालू असताना मधूनमधून इको करून हृदयाचं काम तपासतात.

विचारणा:
हे फार उपयोगी पडलं. अजून एक अडलंय. ‘कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात’ हे वाक्य सगळीकडे दिसतं. ते तसंच घेतलं तर चालेल?

प्रतिसाद:
नको. ‘वाढ’ हा शब्द तिथे दोन कामं करतो. पेशी आकाराने मोठी होणं वेगळं, पेशींची संख्या वाढणं वेगळं. दुसऱ्यासाठी विभाजन लिहा. आणि भराभर म्हणाल, तर आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशी पुष्कळशा गाठींतल्या पेशींपेक्षा वेगाने विभाजित होतात. फरक असा, की तिथे जितक्या नव्या येतात तितक्याच झडतात. गाठीत हा हिशेब बिघडलेला असतो: मरायला हव्यात त्या मरत नाहीत. एका पेशीपासून तीस वेळा दुप्पट झालं की संख्या शंभर कोटींच्या पुढे जाते, आणि ती गाठ साधारण एक सेंटिमीटरची भरते. म्हणजे हाताला लागेपर्यंत तिचा बराच प्रवास झालेला असतो. ‘अनिर्बंध विभाजन’ हे मला ‘भराभर वाढ’पेक्षा केव्हाही बरं वाटतं.

प्रतिसाद:
‘रेझिस्टन्स’बद्दलही सांगते, कारण तुमच्या लेखात तो येणारच. आपण पटकन म्हणतो, ‘शरीराला औषधाची सवय झाली’. बदल शरीरात होत नाही, गाठीतल्या पेशींत होतो. फुप्फुसाच्या काही कॅन्सरांमध्ये ईजीएफआर या प्रथिनाला अडवणाऱ्या गोळ्या सुरुवातीला छान लागू पडतात. पण कोट्यवधी पेशींत एखादीच्या ईजीएफआरमध्ये असा बदल असतो की गोळी तिथे नीट बसत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते आणि तिचीच प्रजा वाढते. ‘औषध लागू पडेनासं झालं’ हे घरगुती मराठी इथे अगदी नेमकं आहे. शास्त्रीय हवं असेल तर ‘औषधरोध’ लिहा. ‘प्रतिकार’ टाळा, रोगप्रतिकारशक्तीशी गोंधळ होतो.

विचारणा:
मग पहिलं वाक्य असं करते: ‘गाठीतल्या पेशींना विभाजनाचा इशारा देणारी प्रथिनं ओळखायची, त्यांवर बसणारी लक्ष्यवेधी औषधं शोधायची आणि ती लागू पडेनाशी का होतात हे तपासायचं, असं हे काम आहे.’

प्रतिसाद:
चांगलं आहे. ‘इशारा देणारी’च्या आधी ‘सतत’ घाला. निरोगी पेशीतही ती प्रथिनं इशारा देतातच, पण काम झालं की थांबतात.