ब्राउनने 2013 ची पोटनिवडणूक टाळली, ते बरोबर केलं का?

चार्ल्सकाठचा: जॉन केरी परराष्ट्रमंत्री झाले आणि मॅसॅच्युसेट्सची सिनेटची जागा रिकामी झाली. रिपब्लिकन स्कॉट ब्राउन राज्याच्या दुसऱ्या जागेवर नोव्हेंबरातच डेमोक्रॅट एलिझाबेथ वॉरनकडून हरला होता, तरी सगळे रिपब्लिकन त्याच्याच तोंडाकडे बघत होते. 1 फेब्रुवारीला त्याने 'नाही' कळवलं, तेही फोनवरच्या मेसेजने! मग गेब्रिएल गोमेझ हा नवखा माणूस उभा राहिला आणि डेमोक्रॅट एड मार्की दहा टक्क्यांनी जिंकला. माझ्या मते ब्राउनने हातची संधी घालवली. पोटनिवडणुकीला मतदार कमी येतात, 2010 ला तो तशाच पोटनिवडणुकीत तर निवडून आला होता.

खडूसकाका: साफ चूक. 2010 ला बावीस लाखांवर मतं पडली, 2013 ला बारा लाखांच्या आत. ब्राउनला लोकांनी धावत येऊन निवडलं, कारण ओबामांचं आरोग्य विधेयक शंभर जणांच्या सिनेटमध्ये अडवून धरायला लागणारं एक्केचाळिसावं मत तो होता. 2013 ला तसं काय होतं? शिवाय जिंकला असता तरी केरींची उरलेली मुदत संपणार म्हणून नोव्हेंबर 2014 ला पुन्हा रिंगणात. पाच वर्षांत चार वेळा सिनेटची निवडणूक, घरच्यांनी हाकलून दिलं असतं.

मेघना_वुस्टर: मला मार्कीचा हिशोब जास्त पटतो. तो हाउसचा, म्हणजे खालच्या सभागृहाचा सदस्य. एरवी सिनेट लढवायची तर ती जागा सोडावी लागते, दोन्ही निवडणुका एकाच दिवशी. पोटनिवडणुकीत हरला तरी खुर्ची शाबूत. प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, त्याच्याकडून हरलेले स्टीफन लिंच दुसऱ्या दिवशी आपल्या हाउसच्या कामाला लागले. आपल्याकडे आमदार लोकसभेला उभा राहतो तसंच. ज्याचं काही जात नाही त्याने उतरावंच.

खडूसकाका: काही जात नाही? मार्था कोकलींना विचारा. 2010 ला ब्राउनसमोर हरल्यावर राज्याचं ॲटर्नी जनरलपद राहिलं, पण थंडीत फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाबाहेर हात मिळवत उभं राहायचं का, असं त्या बोलून गेल्या होत्या ते लोक विसरले नाहीत. 2014 ला गव्हर्नरपदाची निवडणूकही हरल्या. ब्राउनची झाकली मूठ होती, झाकलेलीच बरी.

चार्ल्सकाठचा: झाकली कुठे ठेवली? 2014 ला शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये बिऱ्हाड हलवून जीन शाहीन यांच्यासमोर उघडलीच की, आणि हरला. परक्या अंगणात लढायचं होतं तर आपल्या अंगणात काय वाईट होतं?

नवाबॉस्टनकर: उतरणं बोलण्याइतकं सोपं नसतं हो. उमेदवारीसाठी जेमतेम महिनाभरात मतदारांच्या दहा हजार ग्राह्य सह्या, त्याही फेब्रुवारीत. किराणा दुकानाच्या दारात एक पोरगा क्लिपबोर्ड घेऊन उभा होता, कोणाचा ते आठवत नाही. बॉलपेनची शाई गोठलेली, बिचारा हातमोजे काढून पेन तळव्यांत चोळत होता. मी म्हटलं, ग्रीन कार्डवर आहे, माझी सही चालणार नाही. त्याने पेन पुन्हा खिशात घातलं.

मेघना_वुस्टर: गोमेझचा असणार. मार्कीच्या पोरांकडे दोन दोन पेनं असायची.