राखुंडी, मशेरी, काडी, ब्रश: तुमच्या घरी काय होतं?

शेवंती७७
काल दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून आले. लवंगेचा असा भपकारा आला की खुर्चीत आ वासून पडल्या पडल्या मी थेट सातारा जिल्ह्यातल्या आमच्या न्हाणीघरात पोचले. आजीकडे लवंगतेलाची चिमुकली बाटली असे. दाढ ठणकली की कापसाचा बोळा दाढेत आणि "गप पड आता". एवढाच दवाखाना.
आम्हा पोरांना दात घासायला राखुंडी. गोवरीची राख, त्यात मीठ, आणि आपलं बोट. आजी स्वतः मात्र मशेरीवाली. दुपारी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की आम्ही ठसकत ओसरीवर. "दात घट ऱ्हातात" म्हणायची. पन्नाशीत तिचे पुढचे चार हलायला लागले, तरी डबी काही सुटली नाही.
काल डॉक्टरीणबाईंनी मला ब्रश धरायला शिकवलं. या वयात! हिरडीकडे तिरका, ४५ अंशात, हलक्या हाताने. मी इतकी वर्षं मोरी घासावी तशी आडवी घासत होते. हिरड्या वर सरकल्यात, मुळं उघडी पडलीत, गार पाणी प्यायलं की शिणक जाते डोक्यात. जोर लावला म्हणजे स्वच्छ, हे मी राखुंडीच्या काळातच शिकले असणार.
लिहा तुमचंही.

चिंचोका
रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय

गावठी_गणित
माकडछाप काळं दंतमंजन!! काळे दात दाखवून धाकट्या बहिणीला रोज रडवायचो. ओठाच्या कोपऱ्यात राहिलेलं तसंच घेऊन शाळेत

आंबोळी
आम्ही कोकणातले. आंब्याचं पान, मधली शीर काढायची, गुंडाळी करून घासायची. शिरेने जीभ. मुंबईला आल्यावर चाळीत झाड कुठलं, मग पांढरी पावडर, पत्र्याचा डबा. ती गोड लागायची म्हणून भाऊ खायचा.

दिंडीदरवाजा
आमच्या काकूची मशेरी दिवसातून पाच वेळा. ती लावल्याशिवाय सकाळी पोटच साफ होत नाही म्हणे. आता कळतं, ती तलफ होती, दातांचा काही संबंध नाही. दोन वर्षांपूर्वी गालात आतून पांढरा चट्टा आला. तुकडा तपासायला पाठवला, ते आठ दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. सुदैवाने कॅन्सर नव्हता. त्या दिवसापासून बंद. बोटाला चाळा हवा म्हणून त्याच डबीत भाजलेला ओवा ठेवते, तो चघळते.

शेवंती७७
@दिंडीदरवाजा वाचून पोटात गोळा आला रे. काकूंना नमस्कार सांग. त्याच डबीत ओवा, हे फार आवडलं

पळसफूल
आमच्या इकडे कडुनिंबाची काडी. बाबा काडी चावत चावत वावराला चक्कर मारून येत, अर्धा घंटा. टोकाचा कुंचला झाला की दात घासायचे, मग काडी उभी चिरून जीभ.
पण दाताचा विषय निघाला की मला दुसरंच आठवते. आमचं गाव यवतमाळकडचं, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या दातावर तपकिरी पट्टे. गुरुजी म्हणत दात घासत नाही, अन् छडी. आम्ही कोळशानं घासू घासू हिरड्या सोलल्या, डाग कुठं जाते! अजूनही फोटोत मी तोंड मिटूनच हसतो.

आंबोळी
बापरे. पण पेस्टवर तर फ्लोराइड चांगलं म्हणून छापतात ना?

दातपाडे (मी खरंच दंतवैद्य आहे, नाव नंतर सुचलं)
दोन्ही खरं. पक्के दात हिरडीखाली घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की हे डाग पडतात. ते दाताच्या आतच असतात, घासून जाणार कसे? आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पेस्टमधलं फ्लोराइड वरून काम करतं, गिळायचं नसतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. ब्रशभर नागमोडी पेस्ट फक्त जाहिरातीत. आणि घासून झाल्यावर थुंका, खळखळून चूळ भरू नका, सगळं धुऊन जातं.

गावठी_गणित
चूळ नाही भरायची??? आमचे अण्णा तर घशात बोटं घालून अख्ख्या वाडीला उठवायचे

आंबोळी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). तो आवाज म्हणजेच आमचा गजर

कुंपणावरचा
मी हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तिथे घासायचंच सोडलं होतं. वर्षभर. मग आणखी रक्त.

दातपाडे
सगळे हेच करतात. तिथे थर साचतो म्हणून हिरडी सुजते, सुजते म्हणून रक्त येतं. मऊ ब्रशने तिथेच रोज घासायचं, आठ-दहा दिवसांत कमी व्हायला हवं. थर कडक होऊन कीटण झालं असेल तर ते घरी निघत नाही, सुई-टाचणी घेऊन बसू नका. एवढं करूनही थांबलं नाही तर साखर तपासून घ्या.

कुंपणावरचा
तपासली होती. २८०. दाताच्या डॉक्टरने मधुमेह शोधून काढला माझा :)

चिंचोका
आले. दोन दिवस लिहू की नको चाललं होतं. लेक अडीच वर्षांची, वरचे पुढचे चारही दात किडले. रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायची, मी नोकरीवरून दमून आलेली, झोपतेय ना, झोपू दे. दुधाचे दात, पडणारच आहेत, असं सगळेच म्हणाले. रात्रभर दूध दातांवर राहतं हे कोणीच सांगितलं नाही. आता बाटली बंद, झोपताना फक्त पाणी. पहिले चार दिवस आम्ही दोघीही रडलो.

पळसफूल
ताई, मनाला लावून नका घेऊ.

शेवंती७७
@चिंचोका अगं माझ्या थोरल्याचंही असंच झालं होतं. पक्के दात छान आले त्याचे.

गावठी_गणित
अवांतर: पडलेला दात तुम्ही कुठे टाकता? आम्ही शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचो, उंदीरमामाला. मुलाचा परवा पडला. सातवा मजला, कौल नाही, शेण नाही. कणकेच्या गोळ्यात घालून शेजाऱ्यांच्या एसीच्या डब्यावर फेकला

आंबोळी
उंदराऐवजी कबुतराचे दात येणार आता पोराला

कोरडवाहू
आमचे आजोबा ८८. कवळी फक्त लग्नाकार्याला लावतात, टोपीबरोबर. घरी आल्यावर दोन्ही खुंटीपाशी. भाकरी हिरड्यांनीच चावतात, शेंगदाण्याचं कूट लागतं तेवढं.

शेवंती७७
@दिंडीदरवाजा तो ओवा काकू कसा भाजतात? माझा कडू होतो

दिंडीदरवाजा
विचारलं. मंद आचेवर, वास सुटला की लगेच उतरवायचा, तव्यात ठेवायचा नाही. जरा सैंधव. आणि मशेरीचा तवा घेऊ नको म्हणाली, तिने तो कधीच भंगारात दिला