केस चालू असलेला फॉरवर्ड आपल्या तालमीला हवाय का?

गॅलरीतला
नव्या सिझनसाठी आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमनं दुसऱ्या पेठेतला फॉरवर्ड घेतला, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. पोरगा खेळायला एक नंबर, त्यात वादच नाही. गेल्या सिझनला आपल्या बचावफळीची त्यानं काय दैना केली ती कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर बसून बघितलीय. पण त्याच्या बायकोनं मारहाणीची तक्रार दिलीय, गुन्हा नोंद आहे, तो जामिनावर आहे आणि ती माहेरी आहे. हेही सगळ्यांना माहीत आहे, फक्त हार घालताना कुणी बोललं नाही. इथं नावं लिहू नका, दोघांचीही.

तो दोषी आहे का नाही हे ठरवायचा अधिकार मला नाही आणि तालमीलाही नाही. पण त्याला घ्यायचं का नाही हे तर तालमीनंच ठरवलं ना? कोर्टात बाजू मांडायचा हक्क त्याला आहेच. नऊ नंबरची जर्सी हा काही कुणाचा हक्क नव्हे. पंचाच्या अंगावर धावून गेला म्हणून आपण आपल्याच पोराला घरी बसवलंय, तेव्हा कुठल्या निकालाची वाट बघितली होती?

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. तालीम म्हणजे नुसता फुटबॉल क्लब नव्हे. नवरा दारू पिऊन मारायला लागला की आपल्या गल्लीतली बाई आधी पोलिसांत जात नाही, तालमीतल्या जाणत्या माणसाकडं जाते. शिव्या घालून, कान धरून त्या माणसांनी काही घरं सावरलीतसुद्धा. आता त्याच हातांनी ह्याच्या गळ्यात हार घातला. उद्या एखादी बाई कुठल्या भरवशावर त्यांच्याकडं जाईल? माझा आक्षेप तिथं आहे.

हलगी
दादा, तुमी मोठं हाय, पण हे पटलं न्हाई. आरोप म्हंजे गुन्हा न्हवं. माझ्या चुलतभावावर अशीच केस झाली. म्हातारी आई, लग्न होऊन गेलेली बहीण, सगळ्यांची नावं घातली. वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, शेवटी आपसात मिटलं. तवर त्याची नोकरी गेली ती गेलीच. ह्या पोराची खेळायची उमेद अजून चार-पाच वर्षं. ती तुमी खाणार, आन उद्या सुटला तर भरून कोण देणार? आपण सोडला तर दुसऱ्या दिवशी समोरची तालीम उचलणार. मग ह्योच आपल्यावर गोल मारणार आन तुमीच गॅलरीत कपाळ बडवणार.

मिडफिल्ड
समोरची तालीम घेईल म्हणून आपण घ्यायचा? मग समोरच्यांनी पंचाला मारलं की आपणही मारायचं का?

मी कॉलेजच्या टीममध्ये खेळते. आम्हाला सरावाला मैदान मिळत नाही तेव्हा सगळे म्हणतात, तालीम सगळ्यांची आहे. मग असले निर्णय घेताना आम्हाला विचारायला काय होतं?

काळा कोट
वकिली करतो म्हणून थोडं लिहितो, दोन्ही बाजूंना झोंबेल.

हलगी म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. २०१४ साली अर्नेशकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं की ४९८-अ, म्हणजे नवऱ्यानं-सासरच्यांनी छळ केल्याचं कलम, लागलं म्हणून सरसकट अटक करायची नाही. डिसेंबर २०२४ मध्येही नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना मोघम आरोपांत गोवण्याबद्दल न्यायालयानं कान टोचलेत. हेच कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ म्हणून आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

पण हे सगळं अटकेबद्दल आणि खटल्याबद्दल आहे. टीममध्ये कुणाला घ्यावं याबद्दल कोर्टानं एक अक्षर काढलेलं नाही. आणि ‘आपसात मिटलं’ म्हणजे ‘निर्दोष सुटला’ असं होत नाही, भाऊ. मिटण्याची कारणं हजार असतात. राहता राहिलं ‘निकाल लागू दे’. जिल्ह्याच्या कोर्टात अशा खटल्यांच्या तारखा कशा पडतात ते मी रोज बघतो. निकाल लागेपर्यंत पोराचे गुडघे गेलेले असतील. म्हणजे ‘थांबूया’ म्हणणाऱ्यानं प्रत्यक्षात ‘खेळू दे’ असाच निर्णय दिलेला असतो, हे कबूल तरी करा.

एकदम नको म्हणायच्या आधी मी अटी घालीन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाईला संरक्षण आदेश मिळतो, तो मोडणं हा वेगळा गुन्हा आहे. तसा आदेश असेल आणि ह्यानं मोडला, किंवा तिच्या घराकडं फिरकला, की त्या दिवशी नाव कट. मानधन ठरवताना हे लिहून घेतलंय का, एवढं तालमीला विचारा.

डावा पाय
मी तालमीकडून खेळलोय, लाल मातीतसुद्धा घुमलोय. गॅलरीतला यांचा मुद्दा मला उलटा वाटतो. तालीम गल्लीचं घर आहे ना? मग बिघडलेलं पोरगं घराबाहेर काढायचं का घरात घेऊन सरळ करायचं? आमच्या वस्तादांनी दारूच्या नादी लागलेली कितीतरी पोरं पहाटे उठवून मैदानात पळवली. त्यातली काही आज नोकरीधंद्याला लागून चांगली राहिलीत. ह्याला हाकलला तर हा कट्ट्यावर बसणार, पिणार, आणि राग पुन्हा त्या पोरीवरच काढणार. तालमीत आला तर चार डोळे त्याच्यावर राहतील.

गॅलरीतला
डावा पाय, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो, म्हणूनच विचारतो. वस्तादांनी पोरांना आधी पळवलं आणि मग जर्सी दिली, का आधी हार घातला? मी चौकशी केली. बैठकीत त्याला गुडघ्याबद्दल विचारलं, जुन्या तालमीचा दाखला मिळेल का विचारलं, के.एस.ए.कडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी वेळेत होईल का विचारलं. घरच्या विषयावर एक प्रश्न नाही. सरळ करायला आणलाय हे आपण आता मागनं जोडतोय.

दोन पोरांची आई
मी फुटबॉलमधलं फार जाणत नाही. माझा धाकटा १४ वर्षांखालच्या टीममध्ये आहे, त्याला सोडायला येते तेवढंच. पण एक गोष्ट तुम्हा कुणाला दिसली नाही म्हणून लिहिते.

चौकात त्याच्या स्वागताचं डिजिटल, म्हणजे मोठा फ्लेक्स लावलाय. दुधाच्या डेअरीपासून कोपऱ्यापर्यंत, रात्री त्यावर लाइट सोडलेली. खाली दहा-बारा जणांचे पासपोर्ट फोटो, वर हा हाताची घडी घालून, आणि बाजूला वाघाचं डोकं. त्या पोरीचं माहेर आपल्याच पेठेत आहे. तिच्या आईच्या दारातनं ते डिजिटल समोर दिसतं. ती माउली हल्ली दूध आणायला मागच्या बोळातनं जाते. मी स्वतः बघितलंय.

आणि तिच्या भावाला तालमीची पोरं अडवून म्हणतात, ‘दाजीला किती छळतोस, सिझन आहे, केस मागं घ्यायला सांग की.’ हसत हसत म्हणतात, खांद्यावर हात टाकून. तो भाऊही ह्याच तालमीचा, लहानपणापासून झेंडा घेऊन पळणारा. आता मॅचला येणं बंद केलंय त्यानं. काळा कोट सर, हे कुठल्या कलमात बसतं ते मला माहीत नाही. पण निकाल लागेपर्यंत आपण कुणाच्याच बाजूचे नाही, असं आता कुणी म्हणू नये.

हलगी
ताई, भावाला अडवत्यात हे मला ठाऊक न्हवतं. हे चुकीचं हाय, त्या पोरांना मी बघतो. पण त्यात ह्या खेळाडूचा काय दोष? त्यानं सांगितलं हुतं का अडवा म्हणून?

काळा कोट
त्यानं सांगितलं असेल तर जामीन धोक्यात येईल, एवढं त्याच्या वकिलानं त्याला नक्की सांगितलं असणार. पण साक्षीदारावर दबाव यायला आरोपीनं तोंड उघडावंच लागतं असं नाही. त्याचे चाहते पुरतात.

ऑफसाइड
बाहेरचं उदाहरण देतो. स्कॉटलंडमध्ये कर्कॉल्डी नावाचं छोटं गाव आहे, तिथला रेथ रोव्हर्स क्लब. जानेवारी २०२२ च्या शेवटी त्यांनी डेव्हिड गुडविली हा फॉरवर्ड घेतला. २०१७ मध्ये दिवाणी कोर्टानं त्यानं बलात्कार केल्याचा निर्णय देऊन त्या बाईला १ लाख पौंड भरपाई मंजूर केली होती. फौजदारी खटला कधी चाललाच नाही. क्लब म्हणाला, आम्ही फुटबॉल बघून घेतलाय. महिला टीमच्या कॅप्टननं राजीनामा दिला, जर्सीची प्रायोजक असलेल्या नामांकित लेखिकेनं पाठिंबा काढला, स्वयंसेवक गेले. काही दिवसांत क्लबनं माफी मागून सांगितलं, हा आमच्याकडून खेळणार नाही. आपल्यासारखाच गावाच्या जिवावर चालणारा क्लब. वर्गणीदार उठले म्हणून झालं.

हलगी
तिथं कोर्टानं सांगितलं हुतं, भावा. हितं कुठल्या कोर्टानं सांगितलंय? बरोबरी तरी सारखी करा. मँचेस्टर युनायटेडच्या ग्रीनवूडचं सांगा की. बाईवर अत्याचाराची केस हुती, रद्द झाली, फ्रान्सच्या मार्से क्लबनं घेतला, पहिल्याच सिझनला लीगमधे २१ गोल. आन आपला शमी? बायकोनं एवढे आरोप केले, बीसीसीआयनं खेळवलाच का न्हाई? त्यानं देशाला विकेटी काढून दिल्या तवा तुमी सगळे टाळ्या वाजवत हुता.

ऑफसाइड
गुडविलीबद्दल तुझं बरोबर, तो फरक मोठा आहे. ग्रीनवूडचं मात्र पूर्ण सांग. त्यानं आरोप नाकारले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी वकिलांनी खटला सोडला तो मुख्य साक्षीदारांनी माघार घेतली आणि नवीन माहिती पुढं आली म्हणून. कोर्टात कुणी ऐकून निकाल दिला असं झालं नाही. तरी मँचेस्टर युनायटेडनं त्याला पुन्हा उतरवला नाही, आणि मार्सेनं घेतला तेव्हा तिथल्या महापौरानंच विरोध केला. साक्षीदार माघार घेतात हे वाक्य वाचलं की मला आता तो खांद्यावरचा हात आठवणार.

गॅलरीतला
शमीचं उदाहरण काढलंत ते बरं झालं. मार्च २०१८ मध्ये आरोप झाल्यावर बोर्डानं त्याचा करार रोखला होता. मग भ्रष्टाचारविरोधी पथकानं चौकशी केली ती मॅच फिक्सिंगच्या आरोपाची. त्यात काही निघालं नाही आणि करार मिळाला. तो सगळेच आरोप नाकारतो, केसचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. पण बोर्डानं काय तपासलं ते बघा. पैशाचा गैरव्यवहार झाला असता तर आमचं प्रकरण, घरात काय झालं ते तुमचं तुम्ही. आपल्या बैठकीत गुडघा विचारला, तसलंच हे.

आणि आपण कुठल्या गावात बसून बोलतोय? १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. ‘घरातलं घरात’ हे उत्तर त्या दरबारानं शंभर वर्षांपूर्वी नाकारलं. त्यांचंच नाव दिलेल्या मैदानावर आपण खेळतो.

हलगी
महाराजांनी कायदा केला म्हंजे न्याय कायद्यानं हुईल असंच म्हटलं ना? तालमीनं निकाल लावा असं तर म्हटलं न्हाई. महाराजांचं नाव आलं की समोरचा गप बसतो, म्हणून काढता तुमी.

गॅलरीतला
थोडं खरं आहे ते.

बिनधास्त
बायका फुटबॉलमधे तोंड घालायला लागल्या की असंच होणार. गोल बघा, घर बघू नका.

हलगी
ए, तू गप. माझ्या बाजूनं बोलू नगंस.

मिडफिल्ड
चुलतभावाच्या केसचं ऐकून हलगी दादांना राग येतो हे समजतं. पण तेवढ्यावरून सगळ्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांमध्ये २९ टक्क्यांहून जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागायला गेलेल्या जेमतेम १४ टक्के. बाकीच्या आपल्या गल्लीत, आपल्याच गॅलरीच्या मागं राहतात. त्या बघतायत की जी गेली तिचं काय झालं.

डावा पाय
मी माझं मत सोडत नाही. पोराला तालमीत ठेवा. पण वस्तादांच्या ताब्यात द्या. निम्मा सिझन नुसता सराव, मॅच नाही. मानधन थांबवा. तिच्या खर्चाचं कोर्टानं जे ठरवलं असेल ते आधी भरल्याची पावती दाखव म्हणावं. हे मान्य करून राहिला तर मी म्हणेन सुधारायची इच्छा आहे. उठून दुसऱ्या तालमीत गेला तर प्रश्न मिटला.

काळा कोट
माझ्या अटींपेक्षा ह्या बऱ्या आहेत. लिहून घेता येतील.

हलगी
निम्मा सिझन बसवून ठिवायचा असंल तर घेतला कशाला? सलामीलाच कोण समोर येतंय ते बघितलंय का? मी रविवारच्या बैठकीला येणार आन ह्या अटींच्या इरोधात बोलणार. खेळू दे त्याला. भावाला अडवणाऱ्या पोरांचं मात्र मी बैठकीतच काढतो, तिथं नावं घेऊन.

गॅलरीतला
या. मीही येणार, आणि माझं म्हणणं अजून तेच आहे, घेऊ नये. निदान डावा पाय यांच्या अटी तरी कागदावर याव्यात. आणि रविवारची वाट न बघता ते डिजिटल आधी उतरवा, त्याला कशाची बैठक पाहिजे?

हलगी
डिजिटलचं तेवढं सोपं न्हाई. त्यावर साहेबांचा फोटो हाय, पैसं त्यांनीच दिल्यात. त्यांना इचारल्याबिगर हात लावला तर तालमीत दुसराच दंगा हुईल.

डावा पाय
मग विचारा की साहेबांना.

हलगी
कोण इचारणार? मी न्हाई.

दोन पोरांची आई
मी विचारते. उद्या सकाळी दहाला ते ऑफिसात असतात. मिडफिल्ड, तू येतेस का सोबत? एकटी बाई आली म्हणून बाहेरच बसवून ठेवतील.

मिडफिल्ड
येते काकू. माझ्या टीमच्या अजून तिघी येतील.