कामावर अडलं तेव्हा डोकं कसं लढवलंत? (अनुभव धागा)

मोठमोठे शोध नकोत, रोजच्या कामात अडलं आणि कुणाला तरी काहीतरी सुचलं, असे अनुभव लिहा. सुरुवात मी करतो.

चाकणला आमच्या लाइनवर एका ब्रॅकेटला चार बोल्ट, चार वॉशर. शिफ्टमध्ये एखादा वॉशर राहायचाच, मग तक्रार, मग सुपरवायझरची बोलणी, 'लक्ष देऊन काम करा' असा बोर्डपण लावला, फरक शून्य. मग ट्रेनिंगमध्ये शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची गोष्ट ऐकली. १९६१ साली जपानमधल्या एका कारखान्यात स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या, त्यातली एखादी राहून जायची, तर त्यांनी दोन्ही स्प्रिंगा आधी काढून बशीत ठेवायला लावल्या, बशीत एक उरली की चूक तिथल्या तिथे कळते. चूक टाळायच्या अशा युक्तीला पोका-योके म्हणतात. दुसऱ्या दिवशी लाइनवरच्या एक ताई घरून मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या घेऊन आल्या! एका वाटीत चारच वॉशर, वाटी रिकामी झाल्याशिवाय ब्रॅकेट पुढे सरकवायचा नाही. माणूस विसरणारच, त्याला झापून काय होणार? त्या ताईंचं मला आजही फार कौतुक वाटतं.

नाइट ड्युटी
वाट्यांवरून आमचा वॉर्ड आठवला. रात्री चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. ५०० मिलीचं सलाइन ५ तासांत द्यायचं म्हणजे तासाला १००, वीस थेंबांचा १ मिली असा सेट असेल तर मिनिटाला साधारण ३३ थेंब, पण प्रत्येक कॉटपाशी उभं राहून थेंब कोण मोजणार. आमच्या सीनियर सिस्टरांनी बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावायला शिकवलं, त्यावर पेनाने रेघा, दहा, अकरा, बारा. नातेवाइकांनाही समजावून सांगायचं. एका रात्री एक आजी धावत आल्या, "सिस्टर, अकरा वाजून गेले, पाणी अजून दहाच्याच रेघेवर आहे." जाऊन बघते तर सुई सरकलेली, पोराचा हात सुजायला लागला होता. वेळेत कळलं.

काउंटर तीन
नोव्हेंबर म्हणजे बँकेत हयातीच्या दाखल्यांची गर्दी. साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक आजोबा, बोटांच्या रेषा पार झिजलेल्या, मशीन काही केल्या ठसा घेईना. "बाई, मी जिवंत उभा आहे की तुमच्यासमोर," म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. आमच्या शिपाईकाकांनी कोमट पाणी आणलं, हात धुऊन कोरडे केले, जरासं खोबरेल चोळून पुसून घेतलं आणि अंगठा सोडून मधलं बोट लावलं, लागला ठसा! तेव्हापासून कुठलं बोट लागलं ते पासबुकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून देतो, पुढच्या वर्षी थेट तेच बोट. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला होतो, पण साधा फोनवाले काउंटरवरच येतात ना.

दोनशिक्षकी
माझं छोटंसंच आहे. चौथीला कोन शिकवायचे होते, साहित्य काहीच नव्हतं. वर्गाच्या दाराखाली फरशीवर ऑइलपेंटने रेघा मारल्या, लघुकोन, काटकोन, विशालकोन. दार उघडेल तसा कोन. परवा वारं सुटलं तर मागच्या बाकावरची एरवी कधीच न बोलणारी पोरगी उठून म्हणाली, "सर, दार लघुकोनात आलं."