मदत हवी आहे: एडीएचडी असलेल्या भावाला नकार फार लागतो

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला मागील वर्षी एडीएचडीचे (लक्ष टिकवणे, उतावळेपणा आवरणे अवघड जाणारी अवस्था) निदान झाले असून औषधांमुळे त्याचे कामातील लक्ष बरेच सुधारले आहे. मात्र नकार किंवा साधी सूचनाही सहन न होण्याचा त्रास तसाच आहे. तो रावेरला केळीच्या व्यापाऱ्याकडे मालाच्या नोंदी ठेवतो. शेठनी ‘वजन पुन्हा एकदा पाहून घे’ एवढे म्हटले तरी आपल्याला आता कामावरून काढणारच असे तो धरून बसतो, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही आणि दुसऱ्या दिवशी काही घडलेच नाही असा वागतो. सध्या त्याच्यासाठी स्थळे पाहणे सुरू असल्याने आईला त्याची अधिकच धास्ती वाटते. (नातेवाईक याला लाडाचा परिणाम म्हणतात, ते असो.)

नकार किंवा टीका अशी तीव्रतेने लागण्याला रिजेक्शन सेन्सिटिव्ह डिस्फोरिया म्हणतात, डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत ते स्वतंत्र निदान नाही, पण भावना आवरणे एडीएचडी असलेल्या अनेकांना अवघड जाते, एवढे मी वाचले आहे.

जळगाव, भुसावळ किंवा धुळे येथे प्रौढांच्या एडीएचडीचा अनुभव असलेले आणि मराठीतून सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी संवाद-उपचारपद्धती) करणारे मानसशास्त्रज्ञ कोणास माहीत आहेत का? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आमच्याकडे आहे, परंतु नियमित भेटणारी व्यक्ती हवी आहे. तसेच घरात त्याची चूक दाखवायची झाल्यास ती लगेच सांगावी, की तो शांत झाल्यावर, याबद्दल ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे. औषधांविषयी सल्ला नको, ते डॉक्टर पाहत आहेत.